गाभ्याच्या सात ओळी
(संस्थेच्या वार्षिक समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



चिटणीस साहेबांनी पत्रात लिहिले होते की, ‘संगणकाचे महत्त्व’ या विषयावर चार शब्द सांगावेत. मी त्यांना फोन करून विनंती केली की, साहेब, महत्त्व आता सर्वांना पटलेले आहे, घराघरात पोरांच्या हातात मोबाईल आहे. त्यापेक्षा आपल्याच पाच शाळांसाठी २०१४ साली आम्ही एक काम केले होते, त्याची हकिकत सांगू द्या. त्यांनी परवानगी दिली. काम होते एका ऑपरेटिंग सिस्टिमची स्वतःची आवृत्ती बांधण्याचे, आणि तीही स्वतः ठरविलेल्या कर्नलसह.

आता कर्नल म्हटल्याबरोबर पुढच्या ओळीत बसलेल्या फौजेतल्या निवृत्त चाचांनी मान वर केली. चाचा, हा तो कर्नल नव्हे. हा शब्द दाण्याच्या आतल्या गराचा, गाभ्याचा आहे. संगणक सुरू केल्यावर जो कार्यक्रम सर्वांत आधी स्मृतीत येऊन बसतो आणि शेवटपर्यंत उठत नाही, तो कर्नल. डिस्क, पडदा, कळफलक, नेटवर्कचे कार्ड या सर्वांशी बोलण्याचा अधिकार त्यालाच. बाकीचे कार्यक्रम त्याच्याकडे अर्ज करतात, आणि तो ज्याला त्याला पाळीपाळीने वेळ नि जागा देतो. कर्नल आणि त्याच्या भोवतीची रोजच्या वापराची साधने मिळून ऑपरेटिंग सिस्टिम होते.

आम्ही जी सिस्टिम घेतली तिचे नाव फ्रीबीएसडी. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९६९ साली केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सची सुरुवात केली. पुढे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील विद्यार्थ्यांनी व संशोधकांनी तिच्यात इतकी भर घातली की, तिचे बर्कलीचे असे निराळे घराणेच झाले. त्या घराण्यातून १९९३ साली फ्रीबीएसडी निघाली. ती फुकट आहे, पण फुकट असणे हा तिचा लहानसा गुण. मोठा गुण असा की, तिची संपूर्ण मूळ आज्ञावली, कर्नल असो वा साधा तारीख दाखविणारा कार्यक्रम असो, एकाच ठिकाणी एकत्र ठेवलेली मिळते. ती वाचा, बदला, बांधा, दुसऱ्याला द्या. मूळ लेखकांची हक्काची नोंद व अटी तेवढ्या कायम ठेवा, एवढीच मुख्य अट.

कोणाला वाटेल, ही कोपऱ्यातली काही तरी चीज असेल. तसे नाही. आपण ज्या व्हॉट्सॲपवर लग्नाची आमंत्रणे पाठवितो, त्यांची यंत्रे सुरुवातीच्या वर्षांत याच सिस्टिमवर चालत होती. २०१२ साली त्यांनी एका यंत्रावर एकाच वेळी वीस लाखांहून अधिक जोडण्या सांभाळून दाखविल्या होत्या. नेटफ्लिक्सचे चित्रपट घराघरांत पोहोचविणारी यंत्रेही फ्रीबीएसडीवर चालतात, आणि ती मंडळी मूळ आज्ञावली घेऊन आपल्या गरजेपुरता कर्नल स्वतः बांधतात.

असो. आमची गरज काय होती ते सांगतो. २०१३ साली आपल्या प्रत्येक शाळेत टेलिफोनच्या तारेवरून येणारी एकेक इंटरनेटची लाइन होती. लाइन बारीक आणि वापरणारे बारा-चौदा संगणक. प्रयोगशाळेत एखाद्या पोराने मोठी फाइल उतरवावयास घेतली की, कचेरीतले काम बंद. त्या वर्षी शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्याच्या शेवटच्या संध्याकाळी एका शाळेत असेच झाले, आणि दोन मुलांचे अर्ज मुदतीत गेले नाहीत. त्यांतल्या एकाचे अब्बा जहाजावर होते. अम्मी दुसऱ्या दिवशी शाळेत येऊन फक्त एवढेच विचारून गेली की, पुढच्या वर्षी तरी भरता येईल ना? मुख्याध्यापकांनी मला बोलावून घेतले ते त्यानंतर.

उपाय माहितीचा होता. इंटरनेटची तार आणि शाळेचे संगणक यांच्यामध्ये एक जुना संगणक नाक्यासारखा बसवावयाचा आणि त्याला सांगावयाचे की, कचेरीची वाहतूक आधी जाऊ दे, प्रयोगशाळेची मागून. फ्रीबीएसडीमध्ये अशा रांगा लावण्याची सोय आहे, तिला ‘ऑल्ट-क्यू’ म्हणतात. ती जपानमधील केंजिरो चो यांनी तयार केली. पण अडचण अशी की, त्या काळी सरसकट मिळणाऱ्या तयार कर्नलमध्ये ती चालू केलेली नसे, आणि मागाहून जोडता येईल असा तिचा सुटा भागही नसे. ती हवी तर कर्नल स्वतः बांधणे भाग होते. हौसेखातर नव्हे, तर याच एका कारणासाठी आम्ही त्या वाटेला गेलो. हौसेने गेल्यावर काय होते, ते मी त्यापूर्वीच पुरेपूर भोगले होते.

ती गोष्ट लपविण्यासारखी आहे, पण विद्यार्थ्यांसाठी सांगतो. २००५ साली मी मुंबईत एका कचेरीत कामाला होतो. चाळीस माणसांची टपाल आणि हिशेब एका सर्व्हरवर. मला नुकतेच कर्नल बांधता येऊ लागले होते, आणि नव्याने सायकल शिकलेल्या पोराला जशी दुकानात जाण्याची घाई असते तशी माझी स्थिती होती. तयार कर्नलची जी यादी असते तिचे नाव ‘जेनेरिक’. तिच्यात जगभरच्या तऱ्हेतऱ्हेच्या यंत्रभागांच्या ओळी असतात, कारण ती डिस्क कोणाच्या घरी जाईल ते बांधणाऱ्याला ठाऊक नसते. मी ठरविले, आपल्या यंत्रात नाही ते सर्व छाटून टाकू, म्हणजे कर्नल सडपातळ होईल. वेळ वाचावा म्हणून सुटे भागही बांधू नयेत असे सांगून ठेवले. कर्नल बसविला, यंत्र चालू केले, तो अर्ध्या कचेरीचे नेटवर्क गेलेले. त्या सर्व्हरमध्ये दोन निरनिराळ्या बनावटीची कार्डे होती, आणि मी एकच पाहिले होते.

येथे थांबलो असतो तरी निभावले असते. मी घाईने दुसरा कर्नल बांधला. त्यात गेलेले कार्ड परत घेतले, आणि बसलोच आहोत तर म्हणून आणखी काही ओळी काढल्या. त्यांतली एक ओळ ज्या उपकरणावर सर्व्हरच्या डिस्का बसविल्या होत्या त्याची निघाली. यंत्र सुरू होताना मध्येच थबकले आणि मूळ डिस्क कोठे आहे, असे मलाच विचारू लागले.

आता फ्रीबीएसडीत अशी सोय आहे की, नवा कर्नल बसविताना चालू असलेला जुना कर्नल ‘कर्नल डॉट ओल्ड’ या नावाने बाजूला ठेवला जातो. नवा बिघडला तर जुन्यावर यंत्र सुरू करता येते. पण जागा एकाच जुन्याची. माझा जुना म्हणजे सकाळचाच बिघडलेला कर्नल. चांगला जेनेरिक दोन पावले मागे राहिला होता आणि तो मी कोठेच जपून ठेवला नव्हता. यंत्र अर्धवट चालू करून त्याच्यावरच जेनेरिक पुन्हा बांधला, त्याला दीड तास लागला. कचेरीचे मालक एक शब्दही बोलले नाहीत. त्यांनी खुर्ची ओढली आणि दीड तास माझ्या शेजारी पडद्याकडे पाहत बसले. रागावले असते तर बरे वाटले असते. आणि एवढे करून स्मृतीत वाचले किती, तर मोजून काही मेगाबाइट.

म्हणून २०१४ साली शाळांसाठी बसलो तेव्हा छाटणी करावयाची नाही, फक्त भर घालावयाची, हे पहिल्या दिवशीच ठरविले. याचीही सोय आहे. स्वतःची नवी यादी करावयाची आणि तिच्या पहिल्या ओळीत लिहावयाचे की, जेनेरिकमध्ये आहे ते सर्व घ्या. खाली फक्त आपला फरक. आमची यादी सात ओळींची झाली: जेनेरिकचा समावेश ही पहिली, नाव ही दुसरी, गाळणीच्या दोन, रांगांच्या तीन. पुढे सिस्टिमची नवी आवृत्ती आली आणि जेनेरिकमध्ये नव्या ओळी पडल्या तरी त्या आपोआप आपल्याकडे येतात, आपण कशात निराळे आहोत तेही एका दृष्टिक्षेपात दिसते. माझ्या २००५ च्या यादीत शेकडो ओळी होत्या आणि कोणती का काढली, याचे उत्तर माझ्यापाशी नव्हते.

या कामात माझ्याबरोबर तीन विद्यार्थी होते. नववीतली एक मुलगी होती, तिचे अक्षर चांगले म्हणून सरांनी तिला नोंदी ठेवावयास दिले. मी तिला सांगितले की, पाचही शाळांत नाक्यासाठी जे जुने संगणक ठेवले आहेत ते उघडून आतल्या कार्डांवर काय लिहिले आहे ते उतरवून आणा. मला वाटले, ही टाळाटाळ करील. दोन शनिवार एस. टी. ने फिरून तिने व तिच्या भावाने वही भरून आणली. कोठे रिअलटेक, कोठे इंटेल, एका ठिकाणी थ्रीकॉम, आणि खाडीपलीकडच्या शाळेत सिस कंपनीची चिप. मी जुन्या सवयीने छाटणी केली असती तर ती चौथी चिप हमखास उडविली असती, कारण मी ती वर्षानुवर्षे पाहिलीच नव्हती.

कर्नलला नाव द्यावे लागते. यंत्र सुरू होताना जेथे जेनेरिक हा शब्द दिसतो तेथे ते नाव दिसते. पाचही शाळा खाडीच्या काठच्या, म्हणून मुलांनी ‘खाडी’ असे नाव ठेवले. रोमन लिपीत ते खादी असेही वाचता येते, आणि एका शाळेतले सर कित्येक महिने असे समजत होते की, हे सरकारी खात्याकडून आलेले आहे.

आता बांधणीकडे येतो. मूळ आज्ञावली माणसाला वाचता येईल अशा भाषेत असते. तिचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या कार्यक्रमाला कंपायलर म्हणतात. फ्रीबीएसडीची गंमत अशी की, कंपायलरही तिच्या पोटातच आहे. म्हणून बांधणीची आज्ञा दिली की, ती आधी आपली हत्यारे घडविते, आणि मग त्या नव्या हत्यारांनी बाकीचे सर्व बांधते. होडी बांधणारा सुतार आधी वाकस पाजळतो, रंध्याची पाती बसवितो, मग फळीला हात लावतो, तसे. कर्नलखेरीज जे सर्व, त्याला तेथे ‘वर्ल्ड’, म्हणजे जग म्हणतात. आधी जग बांधावयाचे, मग कर्नल. पण बसविताना क्रम उलटा. आधी कर्नल बसवून यंत्र पुन्हा सुरू करावयाचे, ते नीट चालले तर मग जग बसवावयाचे. मुलांनी विचारले, असे का? कारण नवा कर्नल जुन्या कार्यक्रमांची बोली समजतो, पण जुन्या कर्नलला नव्या कार्यक्रमांची बोली समजेलच असे नाही. नवा तलाठी जुना सातबारा वाचतो. पण पुढच्या वर्षीच्या नमुन्यावरचा दाखला गेल्या वर्षीच्या तलाठ्यापुढे ठेवला तर तो काय करणार?

हे झाले एका यंत्राचे. पाच शाळांत पाच वेळा हे करणे शक्य नव्हते, आणि करावयाचेही नव्हते. ज्या शाळेत जाणकार कोणी नाही तेथे सरांनी सीडी घालावी, चार प्रश्नांची उत्तरे द्यावीत आणि यंत्र उभे राहावे, असे पाहिजे होते. म्हणजे स्वतःची वितरणाची आवृत्ती, रिलीज. जानेवारी २०१४ मध्ये फ्रीबीएसडी १०.० आली होती, तीच आम्ही घेतली. रिलीज करण्याचा एक तयार कार्यक्रम तिच्यासोबत मिळतो. तो यंत्राच्या आतच एक बंद दालन तयार करतो. त्या दालनात नवी कोरी मूळ आज्ञावली आणतो, आतच सर्व बांधतो आणि शेवटी सीडीची प्रतिमा बाहेर देतो. दालन बंद ठेवण्याचे कारण असे की, आपल्या यंत्रावर कोठे काय अर्धवट बदलून ठेवले आहे, त्याचा वाससुद्धा त्या आवृत्तीला लागू नये. दुसऱ्या स्वयंपाकघरात, मोजून दिलेल्या सामानावर, तोच पदार्थ तसाच झाला पाहिजे.

आम्ही संध्याकाळी सात वाजता तो सुरू केला. दालनासाठी एकदा आणि दालनात एकदा असे जग दोनदा बांधले जाते. मुले रात्री नऊला घरी गेली. मी पहाटे उठून पाहतो तो पडद्यावर शेवटची ओळ अशी की, खाडी नावाची कर्नलची यादी सापडत नाही. आमची सात ओळींची यादी माझ्या यंत्रावर होती. दालनात तर कोरी आज्ञावली आणली होती, तिच्यात ती कोठून असणार? जो कोरेपणा आम्हांला हवा होता त्यानेच आमची यादी बाहेर ठेवली. आणि कर्नलची पाळी जगानंतर, म्हणून चूक उघडकीला आली ती सगळी रात्र गेल्यावर.

सकाळी मुलांना हे सांगितले. मुलगी म्हणाली, सर, मग यादीपण आपण सामानातच का नाही दिली? दुसऱ्या खेपेस तेच केले. यादी मूळ आज्ञावलीतच तिच्या जागी ठेवली, दुसरी काही नवी आणू नकोस असे कार्यक्रमाला बजावले, आणि तिसऱ्या दिवशी दुपारी सीडीची प्रतिमा हाती आली. प्रतिमेचा एक ठसा काढतात, चौसष्ट अक्षरांचा. आत एक अक्षर जरी बदलले तरी ठसा संपूर्ण बदलतो. मुलीने तो वहीत हाताने उतरवून काढला. मी म्हटले, कशाला, यंत्रावर आहे की. ती म्हणाली, यंत्र बिघडले तर? मी गप्प बसलो.

पाच सीड्या पाच शाळांत गेल्या. चार ठिकाणी यंत्रे त्याच दिवशी उभी राहिली. पाचव्या ठिकाणी सीडी वाचणारा भागच मेलेला होता, तेथे तो बदलून मग काम झाले. त्या वर्षी शिष्यवृत्तीचे अर्ज सर्व शाळांतून वेळेत गेले. लाइन होती तेवढीच बारीक, फक्त रांग लागली.

आता पालकांना एक गोष्ट स्पष्ट सांगतो, नाही तर मी एकच बाजू मांडली असे होईल. स्वतः बांधलेल्या वस्तूची देखभालही स्वतःवरच येते. एप्रिल २०१४ च्या सुरुवातीस ‘हार्टब्लीड’ नावाचा मोठा दोष जगभर गाजला, तो आमच्या आवृत्तीतही होता. तो जगाच्या भागातला असल्याने त्याची तयार दुरुस्ती बाहेरून मिळाली. पण त्याच महिन्याच्या अखेरीस नेटवर्कच्या भागात, म्हणजे थेट कर्नलमध्ये, एक दोष सापडला. तयार कर्नल वापरणाऱ्यांना त्याचीही दुरुस्ती आयती आली. आम्हांला खाडी पुन्हा बांधून, सुट्टीत पाचही शाळांत जाऊन बसवावा लागला. फेब्रुवारी २०१५ अखेर १०.० या आवृत्तीची मुदतच संपली, म्हणजे पुन्हा सगळे आले. म्हणून ज्याला तयार कर्नलने भागते त्याने तोच वापरावा, असे माझे स्वच्छ मत आहे. कोणी विचारील की, हेच काम करणारी पीएफसेन्ससारखी तयार वस्तू तेव्हाही होती. होती, आणि तीही फ्रीबीएसडीवरच उभी आहे. मी एकटा असतो तर तीच बसविली असती. पण मग त्या तिघांनी ती वही लिहिली नसती.

शहरातून आपल्या भागातही आता संगणकाचे वर्ग आले आहेत. तीन महिन्यांची फी घेतात आणि कोणती कळ कोठे दाबावी ते शिकवितात. त्यांना मी नावे ठेवीत नाही, पोट भरण्यापुरते त्यातून मिळते. पण पालकहो, मुलाने प्रमाणपत्र आणले की एकदा त्याला विचारा, ही कळ दाबल्यावर आत काय होते? त्याला सांगता आले नाही तर रागावू नका, त्याला ते कोणी दाखविलेलेच नाही. आपल्याकडे गाडी चालविणारे पुष्कळ आहेत, बॉनेट उघडून पाहण्याची मुभा असलेली गाडी मात्र मिळावी लागते. येथे ती मिळते, पैसे पडत नाहीत. लागतो तो एक बरा संगणक आणि रात्रभर वीज.

त्या तिघांपैकी एक मुलगा आता आखातात आहे, वातानुकूलन यंत्रांचे काम करतो. दुसरा वडिलांची होडी चालवितो. मुलगी एका औषध कारखान्यात आहे. प्रत्येक घाण्यात काय किती घातले, कोणी घातले, किती वाजता घातले, याची नोंद तपासणे हे तिचे काम. मागच्या ईदला घरी आली होती तेव्हा म्हणाली, सर, तुमची ती रात्रभरची चूक मी तेथे नव्या मुलांना सांगते.

नाक्यावरचे ते जुने संगणक २०१८ पर्यंत निकाली निघाले. आता शाळांत काचेच्या तारेची लाइन आहे. यादी, दुरुस्त्यांच्या तारखा आणि तो चौसष्ट अक्षरांचा ठसा असलेली वही हायस्कूलच्या प्रयोगशाळेतल्या कपाटात आहे. ज्या विद्यार्थ्यास पाहावयाची असेल त्याने सरांकडून मागून घ्यावी. फक्त जपून वापरावी आणि परत आणून द्यावी, कारण तिची दुसरी प्रत मी अजून केलेली नाही.